पळती किती मिनिटांची?

आमच्या शाळेत खो-खोची मॅच संपली की सर स्कोअरशीट हातात घ्यायचे आणि गुणांच्या आधी वेळा वाचायचे. "दोन दहा. एक पन्नास. एक पाच." कोण किती पळली, बाद न होता किती टिकली, ते सेकंदांसकट लिहिलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी आली तरी नावापुढं कंसात वेळ असायची. नववीत असताना माझी एक मिनिट पन्नास सेकंदांची पळती छापून आली होती. आजीनं तो कागद कापून देवघराच्या फडताळात, पंचांगाखाली ठेवला होता. किती जणींना बाद केलं हे मोजायचं आणि बाद न होता किती वेळ काढला हेही मोजायचं, ही गोष्ट मला इतकी साधी वाटायची की सगळ्याच खेळांत असंच असणार असं मी धरून चालले होते.

फुटबॉलमध्ये तसं नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. भाचीमुळं.

ती माझ्या ताईची मुलगी. नाशिकला सिडकोत राहते, यंदा बारावीला आहे आणि स्टॉपर खेळते. म्हणजे गोलकीपरच्या पुढं, मधोमध. दाजी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. त्यांची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे तिला मैदानावर सोडायचं काम माझ्याकडं येतं. त्यामुळं गेली अडीच वर्षं मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या मैदानाच्या कडेला, सव्वासहाला, स्वेटरवर स्कार्फ गुंडाळून उभी असते. नदीच्या बाजूची थंडी जास्तच बोचते. पहिले काही महिने मी नुसती तिची वाट बघत थांबायचे. मग हळूहळू खेळ बघायला लागले.

स्टॉपरचं काम म्हणजे आलेला बॉल जोरात लाथाडून लांब घालवायचा, अशी माझी समजूत होती. तेही करावं लागतंच. पण खरं काम बॉलला पाय न लावता होतं. समोरून एखादी पोरगी बॉल घेऊन सुसाट येते. भाची तिच्या अंगावर जात नाही. दोन पावलांचं अंतर ठेवते, अंग तिरकं करते, एक खांदा पुढं, एक मागं, गुडघे वाकलेले, आणि त्याच वेगानं मागं मागं सरकत जाते. पावलं लहान लहान. त्या पोरीचा खांदा इकडं झुकतो, कंबर तिकडं वळते, भाची फसत नाही. तिची नजर फक्त बॉलवर असते. आतली वाट तिनं अंगानं बंद केलेली असते, बाहेरची मोकळी सोडलेली. कडेनं सर ओरडत असतात, "घुसू नको! थांबव! नुसतं थांबव!" ती पोरगी सरकत सरकत रेषेपर्यंत जाते, पुढं जागा उरत नाही, आणि शेवटी वळून बॉल मागं देऊन टाकते.

एवढंच होतं. म्हणजे काहीच होत नाही. पुढची पोरगी दहा फुटांवरून गोल चुकवते तेव्हा कडेला उभे असलेले सगळे पालक "अरेरे" करतात, पण या मागं सरकण्याला कुणी हूं की चूं करत नाही. मला मात्र पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण ती हुलकावणी माझ्या ओळखीची होती. दोन खुंटांच्या मध्ये पळताना मागं लागलेल्या पोरीला आपण असंच हवं तिकडं नेतो. पाठलाग करणारीला वाटतं ती आपल्याला पकडायला आली आहे, पण वाट आपण ठरवलेली असते.

तर एका रविवारी जेवणं झाल्यावर दाजींनी विचारलं, "यात पुढं काय?"

ते वाईट बोलणारे गृहस्थ नाहीत. मुलीच्या बुटांसाठी त्यांनी स्वतःची गाडी दोन वर्षं बदलली नाही. पण सीईटीच्या क्लासची वेळ आणि प्रॅक्टिसची वेळ एकच येत होती, आणि काहीतरी ठरवायला हवं होतं. "फॉरवर्ड असती तर एक वेळ समजलो असतो," ते म्हणाले. "गोल मारले की नाव होतं. मागं उभं राहून कुणाचं करिअर होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. नाशिकमध्ये आम्हाला धावण्याचं करिअर कळतं. सावरपाड्याची कविता राऊत २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. घड्याळ सांगत होतं, पदक सांगत होतं. स्टॉपरचं कोण सांगणार? म्हणून मी शोधायला बसले. मागं उभं राहून, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, पूर्ण करिअर केलेली एखादी बाई मला हवी होती.

बेकी सॉअरब्रन सापडली. अमेरिकेच्या संघाची स्टॉपर, जर्सी नंबर ४, जन्म १९८५, गाव मिझुरी राज्यातलं सेंट लुइस. २०२४च्या डिसेंबरमध्ये तिनं खेळ थांबवल्याचं जाहीर केलं. देशासाठी सामने २१९. देशासाठी गोल शून्य.

शून्य बघून मला आधी छापायची चूक वाटली. दोन-तीन ठिकाणी ताडून पाहिलं. शून्यच. दोनदा विश्वचषक जिंकलेल्या, ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेल्या, देशाची कर्णधार राहिलेल्या खेळाडूच्या गोलांच्या रकान्यात शून्य. आणि त्या शेजारी दुसरा कुठलाही रकाना नाही. आमच्या सरांच्या स्कोअरशीटमध्ये होता तो.

मग मी तिचं सगळं वाचत गेले, आणि दाजींना सांगण्यासारखं पहिलं जे सापडलं ते काही उत्साह वाढवणारं नव्हतं. जानेवारी २००८, चीनमध्ये एक स्पर्धा, समोर कॅनडा, अमेरिकेसाठी तिची पहिली मॅच. त्या मॅचमध्ये तिचं नाक मोडलं. त्यानंतर बराच काळ ती राष्ट्रीय संघाबाहेरच. मधे नॉर्वेच्या एका क्लबकडून खेळून आली. अमेरिकेत तेव्हा जी व्यावसायिक लीग होती ती तीन हंगामांत कोलमडली आणि २०१२मध्ये बंद पडली. २०११च्या विश्वचषकाला ती गेली, पण बाकावर. उपांत्यपूर्व सामन्यात संघातल्या एका बचावपटूला लाल कार्ड मिळालं म्हणून फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात हिला उतरवलं. अमेरिका जिंकली. अंतिम सामन्यात ही पुन्हा बाकावर, आणि जपाननं पेनल्टींवर चषक नेला. तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि विश्वचषकातली तिची जमा होती एक मॅच.

इथं मी थांबले. २६. आमच्या संघातल्या बारा जणींपैकी २६व्या वर्षी मैदानावर एकही नव्हती. दोघी-तिघींना मुलं होती, एक अजून डी.एड.च्या नोकरीच्या यादीत नाव लागायची वाट बघत होती, मी पतसंस्थेत चिकटले होते. आम्ही वाईट खेळत होतो म्हणून सुटलो नाही. कुणीतरी "अजून थोडं थांब" म्हणायला हवं होतं, आणि थांबायला जागा हवी होती. सॉअरब्रनलाही ती जागा पक्की अशी मिळाली नव्हतीच. २०१३मध्ये नवी लीग सुरू झाली तेव्हा तिथला किमान पगार हंगामाला ६,००० डॉलर होता, तेव्हाच्या हिशेबानं साडेतीन लाखांच्या आसपास. कितीतरी मुली कुणाच्या तरी घरी आश्रयाला राहून खेळायच्या. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचा पगार त्यांचा महासंघ द्यायचा, म्हणून तिचं त्यातल्या त्यात बरं. ती कॅन्सस सिटीला गेली, २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली, आणि २०१७मध्ये तो क्लबच बंद झाला. मग युटा. २०२०मध्ये ती पोर्टलंडला गेली, आणि त्याच वर्षी युटाचाही क्लब गुंडाळला. पोर्टलंडकडून २०२२मध्ये पुन्हा विजेतेपद. पायाखालची जमीन पुन्हा पुन्हा सरकली आणि ही उभीच. लीगची सर्वोत्तम बचावपटू म्हणून तिला चारदा निवडलं. स्टॉपरला उभं राहता येतं, हे असं.

आणि मग २०१५. कॅनडातला विश्वचषक. ती ३० वर्षांची, आणि आता पहिल्या अकरांत पक्की. पहिल्या मॅचला ऑस्ट्रेलियानं अमेरिकेवर एक गोल केला. त्यानंतर स्वीडन, नायजेरिया, कोलंबिया, चीन आणि जर्मनी, कुणालाही गोल करता आला नाही. जपानविरुद्धच्या अंतिम सामन्यात गोल बसला तेव्हा मधे ५४० मिनिटं गेली होती. हा आकडा पेपरांनी छापला, आणि तो वाचताना मला आमच्या सरांचा आवाज ऐकू आला. ५४० मिनिटं! ही पळती होती. तिच्या एकटीची नाही. शेजारी ज्युली जॉन्स्टन, कडांना मेगन क्लिंगनबर्ग आणि अली क्रीगर, मागं गोलकीपर होप सोलो. खो-खोतही एकटी कुठं पळते, तुकडी पळते. स्वीडनविरुद्ध एक बॉल गोलरेषा ओलांडायच्या बेतात असताना क्लिंगनबर्गनं डोक्यानं बाहेर काढला. बुटकी पोरगी ती, उडी मारून जेमतेम पोहोचली. त्या एका उडीवर पुढची कितीतरी मिनिटं टिकली.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिचं आधीच सगळं बघून झालेलं होतं. तिला माझं मिनिटांचं वेड नवीन होतं. "मावशी, क्लीन शीट म्हणतात त्याला," ती म्हणाली. मी म्हटलं, क्लीन शीट म्हणजे कोरा कागद. त्यावर मिनिटं लिहिली पाहिजेत.

तिनं मला उलट वेगळीच मॅच बघायला लावली. २ जुलै २०१९, फ्रान्समधलं लिऑन, विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर इंग्लंड. अमेरिका २-१ पुढं. शेवटची काही मिनिटं राहिलेली. गोलसमोर बॉल सरकत येतो, इंग्लंडची एलन व्हाइट पाय टाकायला जाते, आणि मागून सॉअरब्रनचा पाय तिच्या पायाला लागतो. अगदी हलकासा. व्हाइट पडते. खेळ पुढं सुरू राहतो, मग पंच स्क्रीनपाशी जाऊन तो क्षण पुन्हा बघतात आणि हाताचं बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडं. सॉअरब्रनला पिवळं कार्ड. भाचीनं तो तुकडा मला चारदा दाखवला, चारही वेळा एकाच ठिकाणी थांबवून. "बघ, तिचं मागचं पाऊल बघ. अर्धं पाऊल उशीर झाला. ती घुसली नाहीये, तिला घुसावं लागलं, कारण अर्धं पाऊल आधीच गेलं होतं." मला ते अर्धं पाऊल पाचव्यांदा दिसलं.

पेनल्टी इंग्लंडच्या कर्णधारानं घेतली आणि गोलकीपर अलिसा नेहरनं अडवली. अमेरिका अंतिम सामन्यात गेली. ती पेनल्टी आत गेली असती आणि अमेरिका हरली असती, तर सॉअरब्रन कुणाला कशासाठी आठवली असती? अकरा वर्षांचं राखणं एका अर्ध्या पावलात वाहून गेलं असतं. पाच दिवसांनी नेदरलँड्सविरुद्ध अंतिम सामन्यात टक्कर होऊन तिचं तोंड रक्तानं भरलं. डोक्याला पट्टी बांधून ती परत खेळली, आणि अमेरिकेनं २-० असा चषक घेतला. समोरच्या बाजूला शून्य.

हे सगळं मी दाजींना एका संध्याकाळी सांगितलं. पेनल्टीचं ऐकून ते बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं महिनाभर कस्टमरकडून एकही पीस परत आला नाही तर कुणी क्वालिटीचं नाव घेत नाही. एक आला की दुसऱ्या दिवशी मीटिंग." पुढं काही बोलले नाहीत. पण क्लासची वेळ बदलून संध्याकाळची घेतली.

त्यानंतर काही आठवड्यांनी भाचीचा गुडघा गेला.

फेब्रुवारी २०२५. बाहेरगावी एक स्पर्धा. उन्हानं मैदान दगडासारखं झालेलं, गवताचा पत्ता नाही. तिच्या आसपास कुणीही नव्हतं. धक्का नाही, टक्कर नाही. ती वळली, बुटाचा स्टड जमिनीत अडकला, पाय तिथंच राहिला आणि अंग फिरलं. मी कडेला होते. आवाज आला असं ती सांगते, मला तो ऐकू आला नाही, पण ती ज्या तऱ्हेनं खाली बसली त्यावरून कळलं. त्या मैदानावर स्ट्रेचर नव्हतं. बर्फ नव्हता. मुलांच्या फायनलला दुपारी अँब्युलन्स बोलावली होती म्हणे, सकाळच्या मुलींच्या मॅचला नाही. चार पोरांनी लाकडी बाकावर घालून तिला गाडीपर्यंत आणलं. हे मला अजून गिळता आलेलं नाही. मुलींचे गुडघे या दुखापतीला मुलांपेक्षा जास्त बळी पडतात हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत, आणि मुलींच्याच मॅचला बर्फाची पिशवी नसते.

एमआरआय झालं. एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. दुर्बिणीतून ऑपरेशन, मांडीच्या मागचा दोर काढून गुडघ्यात नवा लिगामेंट म्हणून बसवतात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, निदान ९ महिने मॅचचं नाव काढायचं नाही, आणि ९ म्हणजे ९ झाले की लगेच असंही नाही; दोन्ही पायांची ताकद सारखी झाल्याशिवाय नाही. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात तिचा व्यायाम काय होता? टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि पाय खाली दाबायचा. मांडीचा स्नायू आवळला गेला पाहिजे. बस. ती दाबायची आणि स्नायू हलायचाच नाही. स्वतःच्या मांडीकडं बघत ती म्हणायची, "हिला ऐकूच जात नाहीये." तिसऱ्या दिवशी कातडीखाली काहीतरी थरथरलं, मुंगी चालावी एवढं. ताई रडली. दाजींनी कंपनीतून मिळालेली डायरी काढली.

ती डायरी पुढं वर्षभर चालली. दर रविवारी सकाळी दाजी गुडघ्याच्या वाटीपासून वर १० सेंटिमीटर मोजून बॉलपेननं खूण करायचे आणि दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजायचे. टेप घट्ट नाही, सैल नाही. एका मापावर समाधान नाही, तीनदा मोजून सरासरी. उजवा ४७, डावा ४३. उजवा ४७, डावा साडेत्रेचाळीस. क्वालिटीचा माणूस तो.

पावसाळा आला. जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये सगळे एकमेकांना एकच विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? पायाला, गुडघ्याला, कमरेला. पुराचं माप आम्ही नदीपात्रातल्या त्या मूर्तीच्या अंगावर घेतो. मैदानं चिखलात, भाची घरात, पाय उशीवर. ५ जुलैला भारताच्या मुली थायलंडमध्ये चियांग माईला यजमानांविरुद्ध खेळत होत्या. जिंकलं तर आशियाई चषक, आणि पात्रता फेरी खेळून तिथवर भारत तोवर कधीच पोहोचला नव्हता. आम्ही मोबाईलवर स्कोअर बघत बसलो होतो. संगीता बासफोरनं गोल केला, थायलंडनं बरोबरी केली, संगीतानंच दुसरा घातला. २-१. शेवटची मिनिटं भाची ओठ दाबून बसली होती. संगीताचं नाव सगळीकडं झालं आणि व्हायलाच हवं होतं. भाचीनं एवढंच विचारलं, "दुसऱ्या गोलनंतर यांनी मागं किती वेळ सांभाळलं?" दुसरा गोल ७४व्या मिनिटाचा. मी हिशेब केला, सोळा मिनिटं आणि वरची भर. त्या संघाची कर्णधार स्वीटी देवीही स्टॉपरच. तो आशियाई चषक ऑस्ट्रेलियात, मार्च २०२६चा.

आणि तिच्याआधी आशालता देवी. मणिपूरची, कित्येक वर्षं भारताची कर्णधार, तीही बचावपटू. ऑक्टोबर २०२४मध्ये काठमांडूला सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध ती १००वा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. एवढे सामने खेळलेली पहिली भारतीय बाई. २०१५मध्ये मालदीवच्या क्लबकडून खेळली, कारण तेव्हा आपल्याकडं मुलींची राष्ट्रीय लीगच नव्हती. ती आली २०१७मध्ये. तिच्या वाट्याला काय काय आलं बघा. जानेवारी २०२२चा आशियाई चषक आपल्याच राज्यात होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे. तिथून विश्वचषकाची वाट होती. इराणबरोबर ०-० झाली आणि मग संघात इतक्या जणींना कोरोना निघाला की पुढच्या मॅचला अकरा जणी उभ्या करता येईनात. स्पर्धा तिथंच संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचा क्लब, गोकुलम केरळ, आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला आणि फिफानं भारतीय महासंघावर बंदी घातली. मुली हॉटेलात बसून, आणि न खेळता परत. बॉल अडवायला बचावपटू असतो. हे कुणी अडवायचं?

हा प्रश्न मला सॉअरब्रनच्या गोष्टीत परत भेटला, आणि दाजींना द्यायचं खरं उत्तर बहुधा तिथंच आहे. २०१६च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पाच खेळाडूंनी त्यांच्या महासंघाविरुद्ध सरकारी आयोगाकडं तक्रार केली, पुरुषांइतकं काम, जास्त विजय आणि पैसे कमी. त्या पाचांत ही होती. बाकीच्या चौघींची नावं जगाला माहीत, ही पाचवी. २०१९मध्ये २८ जणी कोर्टात गेल्या. २०२२मध्ये २४० लाख डॉलरची तडजोड झाली आणि मग पुरुष आणि बायकांना सारख्या मानधनाचा करार झाला, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेची अध्यक्ष सॉअरब्रन होती. त्याच वर्षी लीगचा किमान पगार ३५,००० डॉलर ठरला. ऑक्टोबरमध्ये लीगमधल्या मुलींच्या छळाचा चौकशी अहवाल आला तेव्हा तिनं उघडपणे सांगितलं की खेळाडूंना सांभाळण्यात कमी पडलेल्या प्रत्येक मालकानं आणि अधिकाऱ्यानं जावं, आणि यात मी ज्या क्लबकडून खेळते तोही आला. हे बोलून महिन्याच्या आत ती त्याच क्लबकडून फायनल खेळली आणि जिंकली.

मला वाटतं तिनं तिचं काम कधी बदललंच नाही. मागं उभी राहून सगळं मैदान बघायचं आणि कुणाच्या पाठीमागं जागा सुटली आहे ते ओरडून सांगायचं. कराराच्या कागदावरही तिनं तेच केलं.

मी दाजींना खोटं सांगितलं नाही. पुढं नोकरी नक्की आहे असं म्हटलं नाही. आपल्याकडं रेल्वेत, पोलिसांत मुली खेळावर लागतात, काही जणींना क्लब पैसे देतात, पण लीग वर्षभर चालत नाही आणि गुडघा परत जाऊ शकतो. ज्या करिअरबद्दल ते विचारत होते ते तयार ठेवलेलं नव्हतं. सॉअरब्रनसाठीही नव्हतं, ६,०००चे ३५,००० होईपर्यंत ती आणि तिच्याबरोबरच्या खेळत राहिल्या म्हणून ते झालं. २०२३च्या विश्वचषकाला पायाच्या दुखापतीनं ती जाऊ शकली नाही. मोठा निरोप वगैरे काही जमलं नाही. पण तोवर मागून येणाऱ्यांना थांबायला जागा झाली होती.

जानेवारीत भाची परत मैदानात उतरली. ऑपरेशनला दहा महिने झाले होते, सरांनी अर्धीच मॅच दिली, दुसरा हाफ, ३५ मिनिटं. आमच्या नेहमीच्याच मैदानावर. दाजींनी शिफ्ट बदलून घेतली होती. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं.

पहिली पाच-सात मिनिटं ती त्या पायावर वळायला घाबरत होती, हे मला दिसत होतं. डावीकडून येणारीला ती जरा जास्तच जागा देत होती. मग एक उंच बॉल आला, समोरची पोरगी आणि ती दोघी उडाल्या, भाचीनं तो डोक्यानं बाहेर काढला आणि डाव्या पायावर उतरली. ताईनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. काही झालं नाही. ती पळत परत जागेवर गेली, हात वर करून बाकीच्यांना ओरडली, "लाईन! वर या, वर या!" त्यानंतर ती पायाचं विसरली. एकदा तीच ती तिरकी, मागं सरकणारी चाल, छोटी पावलं, एक खांदा पुढं; समोरची पोरगी थेट कडेच्या रेषेपर्यंत गेली आणि बॉल मागं देऊन टाकला. दाजींनी टाळी वाजवली. मैदानावर त्या वेळी टाळी वाजवणारे ते एकटेच होते आणि दोन-चार जणांनी वळून पाहिलं.

शेवटी कॉर्नरवर गोल झाला. भाचीनं जिला राखायचं ती पोरगी मोकळी सुटली होती. मॅच १-१ संपली. गाडीपाशी आली तेव्हा गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, आम्हीच घरून डब्यात बर्फ नेला होता, आणि चेहरा पडलेला. "माझीच मॅन होती. अर्धं पाऊल," ती म्हणाली. घरी येईपर्यंत दुसरं बोलली नाही.

दुपारी दाजी टेप घेऊन जमिनीवर बसले. वाटीपासून १० सेंटिमीटर, बॉलपेनची खूण, तीनदा माप. उजवा साडेसत्तेचाळीस, डावा ४७. त्यांनी ते डायरीत लिहिलं, पेन उचललं नाही, आणि मला विचारलं, "वेळ किती झाली होती, गोल बसला तेव्हा?"

"३१ मिनिटं," मी म्हटलं. "वर वीस सेकंद."

त्यांनी पट्टीनं एक उभी रेघ ओढली आणि तिच्या पलीकडं लिहिलं, ३१:२०.